'टू स्वीट' की 'व्हेरी स्वीट'? : अति गोडपणा इंग्रजीत कसा लिहावा



आजचा पाठ छोट्याशा शब्दाचा आहे. पण तो लिहायला बसले त्याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे. म्हणून आधी ती सांगते.

आमच्या शाळेजवळ मूळच्या केरळच्या एक निवृत्त परिचारिका राहतात. मुलं त्यांना आंटी म्हणतात. दर वर्षी ओणमला त्या सहावीच्या वर्गासाठी गुळाचं, नारळाच्या दुधातलं पायसम पाठवतात. त्यांना मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. म्हणून मी मुलांकडून इंग्रजीत आभाराची कार्डं लिहून घेतली, तपासली आणि पाठवून दिली. पुढच्या वर्षी पायसम आलं ते अगदीच बेताचं गोड. मुलांनी खाल्लं, पण वाटी पुढे करून पुन्हा कुणी मागितलं नाही. मी सहज विचारलं, तर आंटी म्हणाल्या, "टीचर, मागच्या वर्षी गूळ जास्त झाला होता ना? मुलांनीच लिहिलं होतं." आणि त्यांनी जपून ठेवलेलं एक कार्ड आणून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, 'युवर पायसम वॉज टू स्वीट.' म्हणजे तुमचं पायसम नको इतकं गोड होतं!

लिहिणारी मुलगी आता सातवीत होती. मी तिचं नाव न घेता सातवीच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि चूक समजावली. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली. डोळे भरलेले. म्हणाली, "बाई, मी तर चांगलं म्हणून लिहिलं होतं. आणि तुम्ही त्याच्यावर बरोबरची खूण केली होती."

खरंच केली होती. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, मग खूणही बरोबर! वाक्याचा अर्थ वाचणाऱ्याला काय लागेल, हे मी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून हा पाठ मी दर वर्षी घेते. तो तुमच्यापुढे ठेवते आहे, पटलं तर तुमच्या वर्गात किंवा घरी घेऊन बघा.

१. चूक होते कुठे?

मुलं ही चूक निष्काळजीपणाने करत नाहीत, मराठीमुळे करतात. ही दोन वाक्यं पाहा :

"बासुंदी फार गोड होती, मजा आली."
"चहा फार गोड झालाय, घोटभरही जात नाही."

दोन्हीकडे 'फार' आहे. एकीकडे कौतुक, दुसरीकडे तक्रार. मराठीत हा फरक आपण आवाजातून, चेहऱ्यावरून आणि पुढच्या शब्दांवरून ओळखतो. 'खूप', 'लई', 'जाम' यांचंही तेच. इंग्रजीत मात्र या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत :

'व्हेरी' म्हणजे पुष्कळ. त्यात चांगलं-वाईट काही नाही.
'टू' म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त. त्यात तक्रार आलीच.

मुलांना मी एवढंच सांगते की 'टू' म्हणजे भांडं काठोकाठ भरून बाहेर सांडलं. 'व्हेरी' म्हणजे भांडं भरलंय, पण सांडलेलं नाही.

'टू' बरोबर ओळखला की नाही ते तपासायची एक सोपी युक्ती आहे. वाक्यापुढे 'म्हणून...' जोडून बघा. 'द टी इज टू स्वीट', चहा नको इतका गोड आहे, म्हणून... काय? म्हणून पिववत नाही, म्हणून दूध वाढवा, म्हणून दुसरा करा. 'टू'च्या मागे अशी एखादी अडचण लपलेली असतेच. इंग्रजीत ती 'टू' जोडूनही सांगतात : 'टू स्वीट टू ड्रिंक' (पिववणार नाही इतका गोड) किंवा 'टू स्वीट फॉर मी' (माझ्या मानाने जास्त गोड). अडचण काहीच नसेल तर 'टू' खोडा आणि 'व्हेरी' लिहा.

इथे एक हुशार विद्यार्थी हमखास विचारतो, "बाई, मग 'यू आर टू काइंड' असं म्हणतात ते?" प्रश्न रास्त आहे. माणसाचे आभार मानताना 'यू आर टू काइंड' किंवा लाडाने 'यू आर टू स्वीट' म्हणायची इंग्रजीत रीत आहे. तिथेही अर्थ तोच असतो : माझी लायकी आहे त्यापेक्षा तुम्ही जास्त चांगलं वागलात. म्हणजे 'टू' आपलं काम तिथेही सोडत नाही, फक्त तक्रारीच्या जागी नम्रता येते. माणसाबद्दल ते चालतं. खीर, चहा, लाडू यांच्याबद्दल चालत नाही. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'टू गुड'ही असंच. मित्रांच्या गप्पांत चालून जातं, लिहिताना 'व्हेरी गुड' लिहिलेलं बरं.

२. गोडीच्या पायऱ्या

नुसतं 'टू' आणि 'व्हेरी' शिकवून थांबू नये. आपल्याकडे गोडसर, गोड, गोडमिट्ट अशा पायऱ्या आहेत, तशा इंग्रजीतही आहेत. फळ्यावर शिडी काढा आणि खालून वर लिहीत जा :

• 'नॉट स्वीट इनफ' : हवा तेवढा गोड नाही, साखर कमी पडली. (लक्षात ठेवा, 'इनफ' नेहमी 'स्वीट'च्या नंतर येतो.)
• 'स्लाइटली स्वीट' : गोडसर.
• 'स्वीट' : गोड.
• 'व्हेरी स्वीट' : खूप गोड. अजून तक्रार नाही.
• 'अ बिट टू स्वीट' : जरा जास्तच गोड. इथून तक्रार सुरू.
• 'फार टू स्वीट' किंवा 'मच टू स्वीट' : फारच जास्त गोड. बोलण्यात 'वे टू स्वीट' म्हणतात.
• 'सिकली स्वीट' : मळमळेल इतका गोड.

'टू'च्या आधी काय लावता येतं हे मुलांना मुद्दाम दाखवा. 'अ बिट', 'अ लिटल', 'मच', 'फार' चालतात. 'व्हेरी टू स्वीट' मात्र चालत नाही आणि 'टू मच स्वीट' हेही चालत नाही. 'टू मच' पुढे वस्तू हवी : 'टू मच शुगर', जास्त साखर. मोजता येणारी वस्तू असेल तर 'टू मेनी' : 'टू मेनी स्वीट्स', जास्त मिठाया किंवा गोळ्या. चहाला गुण लावायचा तर 'टू स्वीट', चहातली साखर मोजायची तर 'टू मच शुगर'. एवढं एक वाक्य वहीत लिहून घेतलं तरी निम्म्या चुका कमी होतात, हा माझा अनुभव.

३. 'टू स्वीट'च्या पलीकडचे शब्द

वरच्या वर्गांतल्या मुलांना हे शब्द वाचनात भेटतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

शुगरी : साखरच साखर असलेला. 'शुगरी ड्रिंक्स' म्हणजे साखरयुक्त पेयं. हा शब्द आरोग्याच्या लेखांत फार येतो. गोडीपेक्षा साखरेच्या प्रमाणाकडे त्याचा रोख असतो.

सिरपी : पाकासारखा, घट्ट आणि चिकट. गुलाबजाम पाकात मुरला आणि पाकच जास्त लागायला लागला, तर हा शब्द योग्य.

सिकली : 'सिक' म्हणजे आजारी, त्यातलाच हा. चवीला किंवा वासाला लावला की मळमळ आणणारा गोडपणा. स्वस्त अत्तराच्या वासालाही 'सिकली स्वीट' म्हणतात. पण 'अ सिकली चाइल्ड' म्हणजे गोड मूल नव्हे, सतत आजारी पडणारं मूल! शब्दकोशात एकच अर्थ पाहून थांबणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर द्या.

क्लॉइंग : हा माझा आवडता शब्द. पहिला घास आवडतो, दुसराही आवडतो, चौथ्या-पाचव्या घासाला नको होतं, अशा गोडीला हा शब्द. आपण म्हणतो ना, "तोंडाला मिठी बसली", अगदी तेच. याचं मूळ मजेदार आहे. जुन्या फ्रेंचमधल्या 'खिळा ठोकणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. त्यावरून अडवणे, बुजवणे, मग पोट गच्च भरून नकोसं होणे असा अर्थ सरकत गेला. गोडाने घशाला खिळा बसला असं म्हणा हवं तर.

सॅकरिन : साखरेसारखा, पण बहुतेकदा खोटा किंवा दिखाऊ गोडवा दाखवायला वापरतात. हे विशेषण लिहिताना शेवटी 'ई' अक्षर येतं. शेवटचा 'ई' काढला की ते एका रसायनाचं नाव होतं. हे रसायन १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना सापडलं. प्रयोगशाळेतून आल्यावर हात न धुता जेवायला बसलो आणि पाव गोड लागला, अशी हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. (मुलांना गोष्ट सांगा आणि 'असं कधीही करू नका' हेही सांगा!) सॅकरिन साखरेच्या काहीशे पट गोड असतं, पण मागून जिभेवर कडवटपणा ठेवून जातं.

रिच : हा गोडीचा शब्द नाही, पण गोड पदार्थांच्या वर्णनात येतो. दूध, तूप, साय, सुकामेवा यांनी भरलेला पदार्थ तो 'रिच'. 'रिच बासुंदी' हे कौतुक. 'टू रिच फॉर मी' म्हणजे माझ्या पोटाला जड. इथेही 'टू' आला आणि कौतुकाची तक्रार झाली, पाहिलंत?

४. साखरेचा प्रवास

हे शब्द शिकवताना मुलांना एक गंमत सांगायला विसरू नका. 'शुगर' हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्याच घरचा आहे. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, वाळू, आणि मग खडीसारखी दिसणारी साखर. आपली 'साखर' तिथूनच आली. तोच शब्द फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' झाला आणि इटली, फ्रान्स असा फिरत इंग्रजीत 'शुगर' म्हणून पोचला. दुसऱ्या वाटेने ग्रीक आणि लॅटिनमधून गेला तो 'सॅकरिन' झाला. 'खंड' म्हणजे साखरेचा तुकडा, त्यापासून 'कँडी'. आणि गुळासाठीचा 'जॅगरी' हा शब्द दक्षिण भारतातून पोर्तुगीजांनी उचलला, तोही शेवटी शर्करेपर्यंतच जाऊन पोचतो.

साखर, शुगर, सॅकरिन, जॅगरी हे चार शब्द फळ्यावर मांडून 'यांची आजी एकच' असं सांगितलं की वर्ग जागा होतो. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुलाला आपला शब्द त्या भाषेत बसलेला दिसणं, ही लहान गोष्ट नाही.

५. बोलण्यातला आणि लिहिण्यातला अति गोडवा

गोडपणा फक्त ताटात नसतो. आपल्याकडे साखरपेरणी आहे, लाडीगोडी आहे, "गोड बोलून गळा कापणं" आहे. इंग्रजीतही वरचे बहुतेक शब्द माणसांना, गाण्यांना आणि गोष्टींना लावतात. तिथे अर्थ जास्त बोचरा होतो :

• 'अ शुगरी स्माइल' : वरवरचं, दाखवायचं गोड हसू.
• 'अ सिरपी साँग' : भावनांचा पाक ओतलेलं गाणं.
• 'अ सॅकरिन स्टोरी' : खोट्या गोडव्याची गोष्ट, ज्यात सगळे चांगले आणि शेवटी सगळं छान.
• 'हनीड वर्ड्स' : मधाळ शब्द, बहुतेकदा काहीतरी साधण्यासाठी.
• 'टू शुगरकोट' : कडू सत्य साखरेत घोळून सांगणं.

सावध करायचं ते एवढंच, की साधा 'स्वीट' माणसाला लावला तर कौतुक. 'अ स्वीट गर्ल' म्हणजे गोड मुलगी. पण 'अ शुगरी गर्ल' किंवा 'अ सिरपी टीचर' हे कौतुक नाही. शब्दकोशात सगळ्यांपुढे 'गोड' असं लिहिलेलं दिसतं म्हणून एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही.

आता आपल्या स्वतःच्या लिखाणाकडे वळू. मुलांच्या निबंधात 'माय मदर इज व्हेरी व्हेरी स्वीट. शी इज द बेस्ट मदर इन द वर्ल्ड' ही वाक्यं किती वह्यांत आपण वाचली आहेत? खोटी नाहीत ती, पण साखर जास्त झाली आहे. मी अशा वेळी लाल शाईने खोडत नाही. शेजारी फक्त विचारते, "ती काय करते ते सांग." मग एका मुलाने लिहिलं, 'माझी आई रात्री उशिरा कामावरून येते आणि तरी माझी वही पाहते.' एकदाही 'स्वीट' नाही, आणि त्याची आई मला डोळ्यांपुढे दिसली.

अर्जांचंही तसंच. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय हंबली बेग टू स्टेट...' हा पाक आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतो. रजेच्या अर्जाला एक 'प्लीज' पुरतो. 'प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज' एवढं लिहिलं तरी अर्ज नम्रच असतो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे भाषेलाही लागू आहे.

६. तक्रार करायची, पण मन न दुखवता

पायसम खरंच जास्त गोड असतं तर? तेही लिहिता आलं पाहिजे. कोणी प्रेमाने केलेल्या पदार्थाबद्दल परक्या भाषेत खरं बोलणं हे मोठ्यांनाही जड जातं. त्यासाठी चार साधी साधनं मुलांना द्या :

१) धार कमी करा. 'टू स्वीट' ऐवजी 'अ बिट टू स्वीट' किंवा 'अ लिटल ऑन द स्वीट साइड', म्हणजे जरा गोडाकडे झुकलेलं.

२) मत आपलं आहे असं सांगा. 'फॉर माय टेस्ट', माझ्या चवीला. 'इट वॉज अ बिट टू स्वीट फॉर माय टेस्ट.' यात पदार्थ वाईट ठरत नाही, आपली जीभ वेगळी ठरते.

३) आधी खरं कौतुक लिहा. 'आय लव्ह्ड द कोकोनट फ्लेवर.' नारळाची चव फार आवडली. खरं आवडलेलंच लिहा, नाहीतर ते शुगरकोट होईल!

४) विनंती प्रश्नात घाला. 'कुड यू पुट अ लिटल लेस शुगर नेक्स्ट टाइम?' पुढच्या वेळी साखर थोडी कमी घालाल का?

ही साधनं दुकानदाराला, डबेवाल्या काकूंना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना लिहितानाही उपयोगी पडतात. 'युवर टी इज बॅड' असं लिहिणारं मूल उद्धट नसतं, त्याच्याजवळ दुसरं वाक्य नसतं.

७. नेहमीच्या चुका आणि दुरुस्त्या

चूक : 'द शिरा वॉज टू स्वीट, आय एट थ्री प्लेट्स.'
बरोबर : 'द शिरा वॉज व्हेरी स्वीट, अँड आय एट थ्री प्लेट्स.' (तीन बशा खाल्ल्या म्हणजे अडचण नव्हती! खरं तर इथे 'डिलिशस', म्हणजे चविष्ट, हा शब्द अधिक शोभेल.)

चूक : 'आय वाँट लेस शुगर टी.'
बरोबर : 'आय वाँट टी विथ लेस शुगर.'

चूक : 'देअर इज टू मच स्वीट इन द मिल्क.'
बरोबर : 'देअर इज टू मच शुगर इन द मिल्क.'

चूक : 'माय ग्रँडफादर हॅज शुगर.'
बरोबर : 'माय ग्रँडफादर हॅज डायबिटीस.' आपण "आजोबांना शुगर आहे" म्हणतो ते सगळ्यांना कळतं. पण इंग्रजी वाक्याचा सरळ अर्थ आजोबांजवळ साखर आहे असा होतो. सहलीच्या अर्जात किंवा डॉक्टरांना लिहिताना ही चूक महागात पडू शकते, म्हणून ही दुरुस्ती पालकांनीही लक्षात ठेवावी.

८. पालकांसाठी : पाकिटावरचं इंग्रजी

रोजच्या वापरातलं लिखित इंग्रजी म्हणजे फक्त निबंध नव्हेत. घरात येणाऱ्या पाकिटांवर गोडीचं इंग्रजी छापलेलं असतं आणि ते मुलांबरोबर वाचण्यासारखं आहे.

'अनस्वीटन्ड' म्हणजे गोडी यावी म्हणून काही घातलेलं नाही. 'नो अ‍ॅडेड शुगर' म्हणजे वरून साखर घातलेली नाही, पण फळात किंवा दुधात मुळची साखर असतेच. 'शुगर-फ्री' म्हणजे साखर जवळजवळ नाही, पण गोडवा देणारा दुसरा पदार्थ असू शकतो. तिन्ही सारखे वाटतात, सारखे नाहीत. घटकांच्या यादीत सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, माल्टोज असे 'ओज'ने संपणारे शब्द शोधायला सांगा. ते सगळे साखरेचेच प्रकार. कॉर्न सिरप, हनी, जॅगरी हेही त्याच घरातले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांचे रस यांतली साखर मिळून रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या खाली आणली तर अधिक चांगलं. हे ५ टक्के म्हणजे प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सुमारे ६ चहाचे चमचे. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, तेही मुलांना साखरेचं प्रमाण समजावं म्हणूनच. तुमच्या शाळेत असा फलक असेल तर त्यावरची इंग्रजी वाक्यं मुलांनाच लिहू द्या. 'टू मच शुगर' हे शब्द तिथे आपोआप बरोबर जागी बसतात.

९. वर्गातली कृती : तीन पेले सरबत

साहित्य : लिंबं, पाणी, साखर, मीठ, तीन भांडी, लहान पेले.

पहिल्या भांड्यात साखर अगदी कमी घाला, दुसऱ्यात बेताची, तिसऱ्यात भरपूर. भांड्यांवर अ, ब, क लिहा. मुलांना प्रत्येकातलं फक्त दोन घोट सरबत द्या. मधुमेह किंवा आहाराचं पथ्य असलेलं मूल वर्गात असेल तर आधी पालकांना विचारा. त्या मुलाला चव घेण्याऐवजी इतरांचे चेहरे पाहून वाक्यं लिहिण्याचं काम द्या. हे काम मुलांना फार आवडतं, त्याला कमीपणा वाटत नाही.

मग प्रत्येकाने तीन वाक्यं लिहायची. एक अट : 'स्वीट' हा शब्द नुसता वापरायचा नाही. त्याच्या आधी किंवा नंतर काहीतरी हवंच. आमच्या वर्गात आलेली काही वाक्यं :

'ए इज नॉट स्वीट इनफ फॉर मी.'
'बी इज स्वीट, बट नॉट टू स्वीट.'
'सी इज टू स्वीट टू फिनिश.'

एकाने 'क' भांड्याला 'व्हेरी स्वीट' लिहिलं आणि बाकीचे ओरडले, "टू, टू!" तो शांतपणे म्हणाला, "मला आवडलं." त्याचं बरोबर होतं. 'टू' आहे की 'व्हेरी' हे भांडं ठरवत नाही, पिणारा ठरवतो. त्या दिवशी त्या मुलाने मला माझा पाठ पूर्ण करून दिला.

घरचा अभ्यास : आज घरी खाल्लेल्या कोणत्याही तीन पदार्थांबद्दल इंग्रजीत एकेक वाक्य लिहा. एकात 'व्हेरी', एकात 'टू', एकात 'इनफ' हवा. आणि ते वाक्य स्वयंपाक करणाऱ्या माणसाला मराठीत वाचून दाखवा. त्यांना राग आला की आनंद झाला, तेही लिहा.

शेवटी

त्या मुलीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. काही दिवस तिने इंग्रजीत लिहिणंच सोडलं. "चुकलं तर?" असं म्हणायची. मी तिला सांगितलं, "चूक आपल्या दोघींची आहे. तू लिहिलंस आणि मी पाहिलं नाही. तर दुरुस्तीही दोघींनी करू." मग तिने आंटींना दुसरं कार्ड लिहिलं. मी फक्त शेजारी बसले. त्यात चार वाक्यं होती, ती मराठीत सांगते : 'मागच्या वर्षी मी टू स्वीट लिहिलं. मला व्हेरी स्वीट म्हणायचं होतं. तुमचं पायसम मला फार आवडलं होतं. कृपया पहिल्याइतकाच गूळ घाला.'

कार्ड घेऊन ती एकटीच गेली. आंटींनी ते वाचलं, आत गेल्या, आणि पहिलं कार्ड आणून तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, "आता हे तू ठेव. हे नवीन मी ठेवते." पुढच्या ओणमला पायसम पुन्हा गोडमिट्ट आलं, आणि वाट्या दोनदा फिरल्या.

तेव्हापासून वही तपासताना मी स्पेलिंगच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारते : हे ज्याला लिहिलंय, त्याला वाचून काय वाटेल? तुम्हीही विचारून बघा. आणि तुमच्या वर्गातल्या मुलांनी सरबताबद्दल काय लिहिलं, ते जरूर कळवा.